किलोला दहा माणसं

मसालेभात मी उत्तम करतो, हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. विषय तिथवर आणून सोडतो. लिफ्टमध्ये कोणी 'काय उकडतंय हो' म्हणालं की मी म्हणतो, 'हो ना, अशा हवेत ओलं खोबरं टिकत नाही.' मग समोरच्याला विचारावंच लागतं, की खोबरं कशाला? बदलापुरातल्या आमच्या सोसायटीत गणपतीतल्या सत्यनारायणाचा महाप्रसाद म्हणजे मसालेभात आणि मसालेभात म्हणजे मी, हे समीकरण रूढ करायला मला बरीच वर्षं खपावं लागलं. ज्यांच्यापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही, त्यांची सोय या लेखाने होईल.

माझं खरं भांडवल मात्र चव नव्हे, अंदाज. चौघांचा भात कोणीही करतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याचं माप हाती दिलं आणि नव्याने संसार मांडलेल्या कित्येक घरांची अब्रू वाचवली. पण दीडशे माणसांच्या भाताला वाट्या मोजत बसलं, तर टोप चुलीवर चढायच्या आत विसर्जन येईल. तिथे किलोचीच भाषा लागते. किलोला दहा माणसं. सोबत जिलबी असेल तर बारा. पाऊस असेल तर पुन्हा दहा, कारण बाहेर जाता येत नाही म्हणून माणसं बसून राहतात आणि बसलेला माणूस भात मागतो. मध्य रेल्वेने दगा दिला, तर गणित अवघड. ऑफिसला गेलेले ठाण्याला अडकतात हे खरं, पण न गेलेले त्यांच्या वाटचं जेवतात.

हे सगळं मी डोळे अर्धवट मिटून, टोपाकडे बघत सांगतो. लोक ऐकून घेतात. बायको म्हणते, "दरवर्षी शेवटी पंधराच किलो सांगता. त्यासाठी डोळे कशाला मिटायचे?" आयुष्यभराचा अनुभव एका आकड्यात मावू शकतो, हे तिला पटत नाही.

तर अशा माणसाला यंदा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी वाचायला मिळालं: 'या वर्षी केटरर सांगू या. प्लेट सिस्टिम. सगळ्यांचा वेळ वाचेल.' खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा आमच्याच घरातून गेलेला. मी ताबडतोब उत्तर लिहिलं. त्यात स्वच्छता, काटकसर आणि परंपरा असे तीन मुद्दे मांडले. तिन्ही भरीचे होते. खरा मुद्दा एवढाच, की हातात झारा नसला तर या इमारतीत मला मेंटेनन्सची पावती सोडून कोण ओळखतं?

पण तो मुद्दा ग्रुपवर लिहिता येईना. म्हणून एखादा भारदस्त मुद्दा शोधायला लागलो आणि शोधता शोधता एक खरा मुद्दा हाती लागला. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

महाप्रसादाच्या आदल्या रात्री, जेवणं उरकल्यावर, आमच्याकडे पार्किंगमध्ये सतरंज्या पडतात. कोथिंबिरीचा ढीग, तोंडलीची पोती, पाच-सहा विळ्या, दोन खवण्या. ज्याला यायचं तो येतो आणि मिळेल ते काम पुढे ओढतो. सी विंगमधल्या एका गृहस्थांचा आणि माझा स्कूटर लावण्याच्या जागेवरून जुना अबोला होता. ते विळीवर बसले, तोंडलं उचललं आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "उभी की गोल?" अबोला कितीही कडक असो, तोंडल्यांपुढे एवढा प्रश्न विचारावाच लागतो. "उभी. चार फाका," मी म्हणालो. पुढे फाका पातळ होताहेत का, यावर बोलणं झालं. मग त्यांच्या मुलीच्या बारावीवर. रात्री बारा वाजता ते मला स्कूटरच्या सर्व्हिसिंगचा पत्ता सांगत होते.

लोक म्हणतात, एकत्र जेवल्याने ओळखी होतात. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. जेवताना माणूस आपल्या ताटात बघतो, फार तर शेजारच्याला दुसरी जिलबी कशी मिळाली ते बघतो. ओळख होते ती निवडताना, चिरताना, सोलताना. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते आणि तोंड तेवढं मोकळं असतं. समोरासमोर बसून 'तुम्ही सध्या काळजीत दिसता' असं कोणी कोणाला म्हणणार नाही. मटार सोलता सोलता म्हणता येतं.

हा शोध माझा आहे, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायको हसली. सीएसएमटीहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, हा शोध कधीचा लागलेला आहे. दादरला मंडईतली भाजी घेऊन चढायचं, घाटकोपरपर्यंत श्वास घ्यायचा आणि मग मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायला लागायचं. जिची भाजी निवडायची नसते, ती शेजारणीची निवडते. अंबरनाथ येईपर्यंत गवार मोडून होते आणि एखादं लग्न जमतं किंवा मोडतं. माझी सासू आजारी होती तेव्हा कुठल्या डॉक्टरकडे न्यावं, हे या डब्यात ठरलं. बायको महिनाभर दवाखान्यात ये-जा करत होती, तेव्हा आमच्या घरी रात्रीची पोळी-भाजी आणून देणारी बाई कोण, हे मला बराच काळ कळलं नव्हतं. ती 'गाडीतली मैत्रीण' होती. पुरुषांच्या डब्यात आम्ही तितकाच काळ उभे असतो आणि शेजारच्याबद्दल एवढंच जाणतो, की तो डोंबिवलीला उतरणार आहे की नाही.

आता सिंधी आंटींबद्दल सांगायलाच हवं. मुद्द्याशी त्यांचा संबंध आहे, आणि नसता तरी मी सांगितलं असतं. त्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधून आल्या. मराठी उत्तम बोलतात, कारण भाजीवाल्याशी घासाघीस मराठीतच जमते, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या दारात पाऊल टाकलं की पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड समोर येतो. आपल्याकडे पाणी दिल्यावर 'चहा घेणार का?' असं विचारतात. त्या प्रश्नात 'नको' हे उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं. सिंधी घरात पापडाला प्रश्नचिन्ह नाही. वीजबिल मागायला आलेला असो की मुलीचं लग्न ठरवायला, आधी पापड.

आणि तो पापड म्हणजे उडदाचा, जाडसर, ठसठशीत मिरीचा. तो थेट आचेवर भाजायचा असतो. आचेवर धरून क्षणात उलटायचा, कडा आधी, मध्य नंतर. काळा डाग पडता कामा नये आणि कच्चा पांढरा ठिपकाही राहता कामा नये. स्वयंपाकातला जाणकार म्हणून मी एकदा पुढे झालो. आंटींनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "पुट, तू भात बघ," त्या म्हणाल्या. आवाजात माया होती, पण चिमटा परत मिळाला नाही.

पापड खाता खाता त्या कॅम्पातल्या गोष्टी सांगतात. निम्म्या त्यांच्या आईकडून आलेल्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने कल्याणजवळ छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना तिथल्या बराकींत ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर झालं. कॅम्प मात्र पत्त्यातून गेले नाहीत, एकपासून पाचपर्यंत आजही आहेत. बराकीत दोन कुटुंबांमध्ये भिंत म्हणजे गोणपाट. कोणाच्या घरी आज कांदा परतला आणि कोणाच्या घरी परतायलाच काही नाही, हे सगळ्यांना नाकाने कळायचं. बायकांनी पापड लाटून घरं चालवली. लाटायला कोणी एकटं बसत नसे. पोळपाट घेऊन बाजेभोवती जमायच्या, आणि मागे काय काय सोडून आलो याची यादी त्या लाटण्याच्या तालावर व्हायची. समोरासमोर बसून ती यादी कोणाला सांगवली नसती, असं आंटींची आई म्हणायची.

पापडानंतर कढी येते. तिच्यात दही नसतं. बेसन तेलात खमंग भाजायचं, चिंचेचा कोळ घालायचा आणि शेवगा, भेंडी, गवार सोडायची. दह्यावाचून कढी म्हणतात याचा मराठी माणूस म्हणून मी जोरदार निषेध केला. निषेध तीन वाट्या चालला.

असो. मुळात आमचा हा टापूच सामुदायिक स्वयंपाकासाठी आखलेला असावा. विस्तव अंबरनाथचा: विमकोचा काडेपेटीचा कारखाना तिथेच होता, कारखाना गेला तरी विमको नाका आहे. पाणी बदलापूरचं: बारवी धरण इथलंच. पापड उल्हासनगरचा. देवही जुना आणि जागृत. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर 1060 सालचं आहे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला उपवास करणारी माणसं जेवढं खातात, तेवढं मी पारण्यालाही कोणाला खाताना पाहिलेलं नाही.

आणि वेळ आली की या टापूला अंदाजही बरोबर येतो. 2019च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. 27 तारखेला हजारावर प्रवाशांची सुटका झाली. चामटोली आणि आसपासच्या गावांतली माणसं मदतीला धावली आणि प्रवाशांना बदलापुरातल्या एका मंगल कार्यालयात आणून खाऊपिऊ घातलं. आमंत्रण नाही, आहेर नाही, वरपक्ष कोल्हापूरला निघालेला, तरी पंगत उठली. किती प्लेट लागतील, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

प्लेटचा विषय मी मुद्दाम काढला. केटररचा कागद आला तेव्हा त्यावर पहिला प्रश्न होता: प्लेट किती? सेक्रेटरींनी हिशेब केला, फ्लॅटमागे चार. ठरलं. मग कोणीतरी विचारलं, "वॉचमन?" दोन वॉचमन, जिने झाडणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, पहाटे गाड्या पुसणारा मुलगा. हे फ्लॅटमध्ये बसत नव्हते. "एक्स्ट्रा प्लेट लावू नका," उत्तर आलं, "उरलं तर पार्सल देऊ."

इथे मला राग आला, आणि तो माझ्या झाऱ्यासाठी नव्हता. टोपात भात शिजत होता तोवर ही माणसं कधी वेगळी मोजलीच नव्हती. पंधरा किलोत ती होती. जिने झाडणाऱ्या मावशी आदल्या रात्री आमच्याबरोबर खोबरं खवायला बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच रांगेत जेवायच्या. त्यात उपकार नव्हता की मोठेपणा नव्हता. ज्या बाईने खोबरं खवलं, तिला 'उरलं तर' म्हणायची कोणाची टाप नव्हती. किलोत माणसं मोजली जातात, प्लेटीत फ्लॅट.

ज्या सत्यनारायणासाठी हे चाललं होतं, त्याच सत्यनारायणाचा 1940च्या दशकात अनंत हरी गद्रे यांनी वेगळाच उपयोग केला होता. 'निर्भीड'चे संपादक, नाटककार. लोक त्यांना समतानंद म्हणत. त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसवायचं, मग सगळ्या जातींच्या माणसांनी मिळून झुणका-भाकरीचा प्रसाद घ्यायचा. तेव्हा तो धीट उद्योग होता. इतक्या वर्षांनी, लिफ्ट आणि सीसीटीव्ही असलेल्या इमारतीत, आम्ही वॉचमनचं जेवण पिशवीत बांधायला निघालो होतो. आणि तेही कोणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. हिशेबाचा कागदच तसा होता.

मीटिंगमध्ये मी हे सांगायला उभा राहिलो, पण माझा आवाज चढला की लोकांना मसालेभाताचा वास येतो. "तुमचा भात आवडतो हो आम्हाला," खजिनदार समजुतीने म्हणाले. शेवटी आंटी बोलल्या. उल्हासनगरच्या दरबारात गुरुनानक जयंतीच्या लंगरला त्या लहानपणापासून चपात्या लाटायला जातात. त्यांना 'एक्स्ट्रा प्लेट' ही चीज समजेना. "मोजायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "कमी पडलं तर आणखी लाटायचं. बसलेलोच असतो ना आपण?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. केटरर फक्त जिलबीपुरता राहिला. सतरंज्या पडल्या, पंधरा किलो शिजला, गाड्या पुसणाऱ्या मुलाने तीनदा भात घेतला. मी झारा घेऊन टोपापाशी उभा होतो, चेहऱ्यावर शक्य तितकी बेफिकिरी ठेवून. येणारा प्रत्येक जण जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून एकच विचारत होता: "मठ्ठा कोणी केलाय हो? अप्रतिम!" मठ्ठा सी विंगच्या स्कूटरवाल्या गृहस्थांनी केला होता. मी सगळ्यांना तसं सांगितलं. दोघांना सांगितलं.

तर पुढच्या गणपतीला आमच्याकडे जेवायला या. दीडशेला पंधरा किलो पुरतो, तुम्ही आलात तर सोळा घालू. डोळे मिटून सांगतो. फक्त आदल्या रात्री या, आणि येताना आपली सुरी घेऊन या. आमच्याकडच्या दोन बोथट आहेत.