वेताळाचं लग्न

आमच्या चौलच्या घरात वेताळाचं लग्न जेवढं गाजलं तेवढं घरातलं एकही लग्न गाजलं नाही. माझं तर नाहीच.

हा वेताळ इंद्रजाल कॉमिक्समधला. इंग्रजीत फँटम, मराठीत वेताळ. हे बारसं ज्याने केलं त्याला कोकण पुरतं ठाऊक असावं, नाहीतर अजिबात नसावं. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बोटात कवटीची अंगठी. ली फॉकने त्याला 1936 साली जन्माला घातलं, डायना पामरशी सूत जुळवून दिलं आणि मग चाळीसेक वर्षं दोघांना ताटकळत ठेवलं. अखेर 1977 साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्यांचं लग्न लागलं. ते आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही काळ गेला. मामाने तो अंक भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने आणला, तेव्हा खाऱ्या पाण्याने त्याचे कोपरे पापडासारखे फुगले होते.

ओटीवर सुपारी सोलायचं काम चाललं होतं. अंक तिथेच हातोहात फिरला आणि सुपारी तशीच राहिली.

दादा म्हणाला, “वाट लागली. आता हा चाच्यांच्या मागे निघाला की ही आतून ओरडणार, येताना मीठ घेऊन या.” ताईने त्याआधी इंद्रजालला हात लावला नव्हता, पण हा अंक तिने दोनदा वाचला. तिला वेताळाची नव्हे, डायनाची काळजी. “संयुक्त राष्ट्रसंघातली नोकरी आहे तिला. ती काय कवटीच्या गुहेत नांदायला जाणार? न्हाणीघर तरी आहे का तिथे?” काकूचं म्हणणं वेगळंच, नवऱ्यामुलाने निदान त्या दिवशी तरी कपडे बदलायला हवे होते. (स्वीडनमध्ये हाच वेताळ निळ्या कपड्यांत फिरतो आणि इटलीत लाल, हे मला पुढे कळलं. काकूला सांगायचा धीर झाला नाही.) बाबांची तक्रार व्यवहाराची. जादूगार मँड्रेक लग्नाला आलाय, ठीक आहे, पण आहेर काय केला ते दाखवायला नको?

आजीचं माहेर आरवली, म्हणजे वेतोबाचं गाव. तिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. फॉकचा वेताळही ‘चालतंफिरतं भूत’ म्हणूनच प्रसिद्ध, तेव्हा दोघांचा धंदा तसा एकच. आजीने चष्मा पुसून मुखपृष्ठ न्याहाळलं, पण तोंडाकडे न बघता थेट पायांकडे बघितलं.

“ह्यो कसलो वेताळ? बूट बघ कसे कोरे करकरीत. ह्यो रात्रीचो फिरतच नाय.”

एवढं बोलून तिने अंक खाली ठेवला. आमच्याकडे आजीनंतर कुणी बोलायचं नाही अशी रीत, पण शेजारचे आप्पा आमच्या घरातले नव्हते. पहिला वेताळ 1536 साली, चाच्यांनी जहाज बुडवल्यावर किनाऱ्याला वाहत आला, ही मूळ कथा त्यांनी कुठल्याशा जुन्या अंकात वाचलेली. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

“रेवदंड्यात पोर्तुगीज कधी आले? 1521. मग 1536 ला गोऱ्याचं जहाज फुटलं तर माणूस कुठल्या किनाऱ्याला लागणार? इथेच की!”

“आणि कवटीची गुहा?” मी विचारलं.

“हिंगळजाच्या डोंगरावर लेणी कशाला आहेत मग?”

फॉकने वेताळाचं जंगल सुरुवातीला आशियातच ठेवलं होतं, ते नंतर आफ्रिकेत सरकलं, आणि बंगालशी नाव जुळू नये म्हणून इंद्रजालवाल्यांनी त्या देशाला ‘डेंकाली’ केलं, यातलं आप्पांना काहीच माहीत नव्हतं. असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी सातबारावर वेताळाचं नाव चढवायला तलाठी गाठला असता. दादाने विचारलं, “मग इथून गेला का तो?” आप्पा म्हणाले, “पाण्यामुळे. वाडीच्या विहिरी मचूळ झाल्या की भलेभले मुंबईला जातात.”

वाद दिवेलागणीपर्यंत चालला. दादा आणि ताई एकमेकांशी बोलेनासे झाले. काकूने बाबांना त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या आहेराची आठवण करून दिली, तेव्हा बाबा वाडीत निघून गेले.

रात्री कंदिलाशी बसून मी अंक सावकाश वाचायला घेतला. पाहुणे जमतायत, मँड्रेक पोचलाय, आदिवासींचे ढोल वाजतायत. पान उलटलं तर वेताळ आणि डायना नवराबायको होऊन निघालेसुद्धा. मी मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. चौदाव्या पानानंतर एकोणिसावं पान. टाचणीतला मधला कागद निघून गेला होता. लग्न लागलं ते नेमकं त्याच चार पानांत, आणि बाबांचा आहेरही तिथेच असणार. दिवसभर सहा माणसं भांडली, पण लग्न लागताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मामाला विचारलं तर तो म्हणाला, लाँचमध्ये एका बाईने लहान मुलाला खाऊ बांधून द्यायला कागद मागितला होता, त्याला वाटलं मधली जाहिरात असेल.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. माझा अंक अजून आहे, कोपरे तसेच फुगलेले. तुमच्याकडे माळ्यावर, ट्रंकेत कुठे वेताळाच्या लग्नाचा मराठी अंक असेल तर पान पंधरा ते अठरा तेवढी बघून कळवा. मँड्रेकने आहेर काय केला, एवढंच हवंय.