टोमॅटोला आग्रह

सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गच्चीचं दार उघडं दिसलं, तर आत शिरू नये. योगासनवाले असतील तर निदान डोळे मिटून असतात. कुंडीवाले काका डोळे मिटत नाहीत. आपण दिसलो की ते झारी खाली ठेवतात आणि म्हणतात, "बरं झालं आलात. हे पान बघा."

पान बघावं लागतं. ते पिवळं असतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी म्हणजे नत्र कमी, शिरा हिरव्या नि मधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियम, कडा करपलेल्या म्हणजे पालाश. आपल्याला सगळी पानं सारखीच आजारी दिसतात. काकांना त्यात पत्रिका दिसते, आणि पत्रिकेत दोष निघाला की शांत ही करावीच लागते.

असे काका पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. आमचे बँकेतून निवृत्त झालेत. उमेदीची पस्तीस वर्षं लोकांना कर्ज नाकारण्यात गेली. आता कुणाला म्हणून काही नाकारायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, आणि पहिला लाभार्थी निघाला टोमॅटो. गच्चीवर त्यांच्या अकरा कुंड्या आहेत. म्हणजे कुंड्या चार, बाकीचे रंगाचे डबे, बुडाला भोकं पाडलेले. एवढ्या जमिनीसाठी ते मार्केट यार्डाकडच्या कृषी सेवा केंद्रात गेले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "एकोणीस एकोणीस एकोणीस द्या. आणि फुलावर आल्यावर द्यायला झिरो बावन्न चौतीस." दुकानदाराने अदबीने विचारलं, "किती एकर?"

ही नावं नव्हेत, नत्र-स्फुरद-पालाशाचे टक्के आहेत, हे मला काकांनीच शिकवलं. जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना.

रासायनिकावर मात्र त्यांचं भागत नाही. घरात सेंद्रिय आघाडी वेगळी आहे. काकूंना चहाची पावडर आधी कोऱ्या पाण्यात उकळावी लागते, कारण साखरेचा चोथा कुंडीत घातला की मुंग्या. तांदळाचं धुवण त्यांच्या हातून मोरीत गेलं, तर काका दिवसभर अबोला धरतात. केळीची सालं बाल्कनीत दोरीवर वाळतात, शेजारी काकांचा बनियन. हाडांच्या चुऱ्याला काकूंच्या घरात प्रवेश नाही, म्हणून तो स्कूटरच्या डिकीत राहतो आणि काकांबरोबर भाजी आणायला, गणपतीला, सगळीकडे जातो. एकदा दारात उभं राहून त्यांनी आमच्या हिला विचारलं, "काल ऑम्लेट केलं होतंत ना? वास आला. टरफलं टाकली नाहीत ना अजून?"

टरफलं हवी होती, कारण टोमॅटोची बुडं काळी पडत होती. कॅल्शियम कमी, हे काकांचं निदान चूक नव्हतं. पण टरफल मातीत विरघळायला महिनेच्या महिने जातात, आणि कॅल्शियम बहुतेकदा मातीत असतंही. फळापर्यंत ते पाण्याबरोबर चढतं. काका एक दिवस डबा तुडुंब भरत आणि मग दोन दिवस व्याख्यानमालेला जात. मी तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "पाणी काय, कोणीही घालतं!"

सगळ्यात रंगलं ते जीवामृत. एकरी दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काकांनी वही काढली. एका डब्याचं तोंड बारा इंचाचं, असे अकरा, म्हणजे साडेआठ चौरस फूट आणि वर थोडं. एकर 43,560 चौरस फुटांचा. त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं : पाणी 40 मिलिलिटर, शेण 2 ग्रॅम, बेसन 0.4 ग्रॅम. ते त्यांनी दोनदा तपासलं. गोठ्यावर जाऊन दोन ग्रॅम शेण मागणं त्यांच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं, तेव्हा हिशेब बाजूला ठेवून त्यांनी वीस लिटरचं पिंप भरलं. चौथ्या दिवशी सोसायटीची तातडीची सभा झाली. विषयपत्रिकेवर 'वास' एवढा एकच शब्द होता.

आता या माणसाला झाडाचं वाईट करायचंय असं कोण म्हणेल? पण पंगतीत जावयाच्या पानावर ओणवं होऊन "एकच जिलबी, माझ्यासाठी" म्हणणारे जे असतात, त्यांतले काका आहेत. जावई निदान पानावर आडवा हात धरतो. शेतातल्या झाडाला मुळं लांब पसरून बाजूला तरी होता येतं. डब्यातलं झाड जाणार कुठे? डब्यात रोज पाणी घालावं लागतं, त्यातून खत वाहून जातं, म्हणून वरचेवर थोडं थोडं द्यावं हे खरंच. काकांनी त्यातलं 'वरचेवर' घेतलं. परिणाम असा की डब्यांच्या कडांवर क्षारांची पांढरी खरवड धरली, पानांची टोकं करपली. ती करपलेली बघून काकांनी पालाश वाढवलं. जी झाडं तगली ती माजली : पुरुषभर उंच, गर्द हिरवी, फूल औषधालाही नाही. 2023च्या जुलैत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा काका बागाईतदारासारखे मिशीवर हात फिरवत गच्चीवर जात. त्या मोसमात त्यांना सात टोमॅटो झाले. सातवा पोपटाने नेला.

गेल्या हिवाळ्यात ते तीन आठवडे लेकीकडे बंगळूरुला गेले आणि बाग माझ्यावर आली. सोबत लॅमिनेट केलेला तक्ता, वार लावलेल्या एकवीस पुड्या आणि पिंपभर जीवामृत. मी पहिल्या दिवशी तक्ता वाचला, चष्मा बदलून पुन्हा वाचला, आणि रोज सकाळी डब्याखालून ओघळेपर्यंत नुसतं पाणी घालत राहिलो. पुड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. पार्किंगमागे सांडपाण्याच्या पाइपाशी वॉचमनच्या बायकोने लावलेलं अळू आहे. रात्री सामसूम झाली की मी खाली जाऊन यायचो. हिला वाटलं, मी पुन्हा सिगरेट सुरू केली.

काका परतले ते टॅक्सीतून उतरून थेट गच्चीवर. क्षार धुऊन गेले होते, दहा डब्यांत घोस लागले होते, बुडं स्वच्छ होती. त्यांचे डोळे भरून आले. "तक्ता," ते म्हणाले, "पाळला की असं होतं. आता याच्या चाळीस प्रती काढतो, घरटी एक." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मग ते कठड्याशी गेले, सहज खाली वाकले आणि तसेच थांबले. पार्किंगमागे हत्तीच्या कानाएवढाली अळूची पानं डुलत होती. एका पानाखाली वॉचमनची सायकल झाकली गेली होती. काका बराच वेळ बघत राहिले.

"नत्र," ते हळूच म्हणाले. "कुणीतरी नत्र घालतंय हो याला."