आयरिश आशीर्वाद आणि आजारी माणूस

आयरिश भाषेत सर्दी, ताप, डोकेदुखी, भूक, तहान आणि दुःख ही सगळी मंडळी माणसाला होत किंवा लागत नाहीत. ती माणसावर असतात, आणि 'मला सर्दी झाली आहे' एवढे सांगण्यासाठी आयरिश बोलणारा माणूस 'ता स्लायडान ओरम', म्हणजे शब्दशः 'आहे सर्दी माझ्यावर', असे म्हणतो. क्रियापद वाक्याच्या आरंभीच ठेवण्याची या भाषेची रीत असल्यामुळे काहीतरी आहे हे आधी कळते, काय आहे ते मग कळते आणि कोणावर आहे हे सर्वांत शेवटी उघड होते. दुखणे अंगावर काढण्याची दीर्घ परंपरा असलेल्या मराठी समाजाला या रचनेत फारसे नवल वाटण्याचे कारण नाही. प्रकृती सुधारू लागली तरी मांडणी तीच राहते: सुधारणेला 'बिशख' म्हणतात आणि तीही रुग्णावरच असते, म्हणजे दुखण्याने जागा सोडली की तिथे बिशख येऊन बसते. याच शब्दाचा दुसरा अर्थ वाढ असा असून लीप वर्षाला आयरिशमध्ये 'ब्लिअन विशी', म्हणजे वाढीचे वर्ष, असे नाव आहे. अधिक मासात जावयाला अनारसे पाठवणाऱ्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

आयरिश आशीर्वादाची गरज बहुधा अशा माणसाला भासते ज्याला आयरिश येत नाही. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आणि त्यानंतर आयर्लंड सोडून गेलेल्यांचे वंशज बोस्टन, न्यूयॉर्क, सिडनी अशा शहरांत पसरलेले आहेत, आणि त्यांच्यापैकी एखाद्याची मावशी अंथरुणाला खिळली की त्याला मेयो किंवा केरी परगण्यातून आलेल्या आजीची भाषा आठवते. तो इंग्रजीत पानभर मजकूर लिहितो, त्यात प्रकाश, देवदूत, समुद्र, शक्ती आणि मिठी यांची यथेच्छ पेरणी करतो, आणि 'एवढे आयरिशमध्ये करून द्या' असे एखाद्या जाणकाराला सांगतो. जाणकार मिळाला नाही तर तो तयार आशीर्वादांकडे वळतो, आणि खरा धोका इथून सुरू होतो.

तयार आशीर्वादांपैकी जगप्रसिद्ध आहे तो 'गो नायरी अन बोहर ल्यत', जो चहाच्या मगांपासून भांडी पुसण्याच्या फडक्यांपर्यंत सर्वत्र इंग्रजी रूपात आढळतो. त्यातील क्रियापदाचा सुटा अर्थ 'उठणे' असा असला तरी 'ल्यत' या शब्दाशी जोडले गेल्यावर त्याचा अर्थ 'तुला यश येणे' असा होतो, त्यामुळे वाक्याचा सरळ अर्थ 'प्रवास सुखाचा होवो' एवढाच आहे; इंग्रजीने मात्र 'उठणे' तेवढे उचलले आणि रस्ताच उठून प्रवाशाच्या भेटीला येतो अशी भव्य कल्पना रूढ केली. 'बोहर' या शब्दाच्या मुळाशी गाय असल्याने हा रस्ता मुळात गुरांच्या वाटेचा आहे, ही गोष्ट मगावर छापलेली नसते. अर्थ कोणताही घेतला तरी अतिदक्षता विभागातील रुग्णाला प्रवासाच्या शुभेच्छा देणे बरे दिसत नाही.

याहून बिकट प्रसंग 'एर येश दे गो रेव आनम' या वाक्यामुळे ओढवतो. ते दिसायला भारदस्त आहे, त्यात देव आहे, आत्मा आहे, आणि भारतीय वाचकाला त्यात ओळखीची माणसे भेटतात: 'दे' हे 'देव' या शब्दाचे भावंड, 'येश' ज्याचे रूप आहे तो 'देश' हा उजवेपणाचा शब्द 'दक्षिण' या शब्दाच्या कुळातला, आणि 'आनम' म्हणजे आत्मा, जो 'प्राण' या शब्दातील श्वासाच्या धातूशी नाते सांगतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतका आनंद देणारे वाक्य रुग्णाला पाठवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की त्याचा अर्थ 'त्याचा आत्मा देवाच्या उजव्या हाताला असो' असा असून ते केवळ मृतांसाठी वापरतात. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा मानली जाते हा योगायोगच, पण या ठिकाणी त्याने मराठी माणसाला वेळीच सावध करावे.

निरोपाचे शब्द तर रुग्णाच्या खाटेपाशी फारच जपून वापरावे लागतात, कारण 'स्लॉन', म्हणजे सुखरूप, या एका शब्दापुढे निघणारा एक शब्द जोडतो आणि मागे राहणारा दुसरा. निघणाऱ्याने राहणाऱ्याला 'स्लॉन अगत' म्हणायचे आणि राहणाऱ्याने निघणाऱ्याला 'स्लॉन ल्यत' म्हणायचे, असा नियम आहे. भेटीला आलेल्या पाहुण्याने गडबडीत हे उलटे केले तर तो स्वतः ठाण मांडून बसणार असून रुग्णच कुठेतरी निघाला आहे आणि पाहुणा त्याला सुखरूप जाण्यास सांगत आहे, असा अर्थ होतो. ज्या समाजात पाहुणा रुग्णाजवळून उठताना 'जातो' हा शब्द चुकूनही उच्चारत नाही आणि 'येतो' म्हणत जिना उतरतो, त्या समाजाला या चुकीचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

व्याकरणाच्या दृष्टीने आशीर्वादाचे क्रियारूप स्वतंत्र आहे. मराठीतील 'होवो', 'लाभो', 'मिळो' या रूपांचे, ज्यांच्या आधारावर सारे पसायदान उभे आहे, ते जवळचे समकक्ष होय. आजच्या आयरिशमध्ये ही रूपे मुख्यतः आशीर्वादात आणि शापात टिकून आहेत, आणि दोन्हींची बांधणी अगदी सारखी असते. मांजराने तुला खावे आणि त्या मांजराला सैतानाने खावे, अशा अर्थाचा एक दुमजली शाप याच साच्यात तयार होतो, हे ध्यानात ठेवून नवशिक्याने शब्दकोशातून क्रियापद उचलावे.

नावाचा प्रश्न वेगळाच आहे. मराठीत हाक मारताना शब्दाचे शेपूट बदलते, देवाचा 'देवा' होतो आणि मुलांचे 'मुलांनो'. आयरिशमध्ये बहुधा नावाचे तोंडच बदलते, त्यामुळे मॉइरे नावाच्या बाईंना 'अ वॉइरे' आणि शॉन नावाच्या गृहस्थांना 'अ ह्यॉन' अशी हाक जाते. स्कॉटलंडच्या भगिनीभाषेतील शेमसला मारलेली अशीच हाक परक्यांच्या कानी पडली आणि तीतून 'हॅमिश' हे नवे नाव जन्माला आले. आदरार्थी बहुवचनाची हौस मात्र इथे आवरावी लागते. एका व्यक्तीला, ती कितीही वडीलधारी असो, 'तू'च म्हणतात. 'तुम्ही'साठी असलेला 'शिव' हा सर्वनामशब्द अनेकांसाठी राखलेला आहे, आणि आदराच्या भरात तो वापरला तर खाटेवर एकाहून अधिक रुग्ण आहेत असा समज होतो.

एवढे सगळे साधल्यावर मजकूर रुग्णाला कळेल का, हा प्रश्न उरतो. 1937 च्या राज्यघटनेप्रमाणे आयरिश ही देशाची पहिली अधिकृत भाषा आहे, आणि 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी आपल्याला ती येते असे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र 71,968 निघाले. मधल्या अठरा लाखांनी ती शाळेत सक्तीने शिकलेली असते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना पक्के पाठ असलेले वाक्य म्हणजे स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागणारे, जे रुग्णालयात कोणत्याही आशीर्वादापेक्षा अधिक उपयोगाचे ठरावे. शिवाय प्रकृतीची साधी विचारपूसही मन्स्टर प्रांतात 'कोनस ता तू', कॉनख्तमध्ये 'के खी विल तू' आणि अल्स्टरमध्ये 'गजे मर अता तू' अशी होत असल्याने, चुकीच्या प्रांताचा आशीर्वाद मिळालेला रुग्ण बरा झाल्यावर पहिली तक्रार त्याचीच करण्याचा संभव असतो.

तेव्हा ज्याला मनापासून आशीर्वाद द्यायचा आहे त्याने 'गो रेव बिशख ओर्त गो लुअ', म्हणजे 'तुझ्यावर लवकर सुधारणा असो', हे सहा शब्द लिहावेत आणि रुग्णाचे नाव एखाद्या आयरिश जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. प्रकाश, देवदूत आणि समुद्र असलेला उरलेला पानभर मजकूर इंग्रजीतच पाठवावा; तो रुग्णाला नक्की वाचता येतो.