सतरा गाण्यांचा एक्सप्रेसवे

कळंबोलीला एक्सप्रेसवेवर चढणाऱ्या गाड्यांत हमखास कुठलं तरी 'बेस्ट ऑफ' चालू असतं. किशोर, नाहीतर आरडी. आणि मालकाला कॉलेजात गिटारचा नाद लागून गेला असेल, तर क्वीन. क्वीनचं 'ग्रेटेस्ट हिट्स' १९८१चं. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. २०२२मध्ये सत्तर लाखांवर गेला. बीटल्सचा 'सार्जंट पेपर'सुद्धा मागे. अल्बम ही सलग कलाकृती असते, हे जगाला शिकवणाऱ्या देशानं स्वतः विकत घेतली ती निवडक सतरा गाण्यांची यादी!

क्वीनचा गायक आपलाच, असं म्हणायची आपल्याला भारी हौस. झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवू लागला, पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. एवढी माहिती पाचगणीत स्ट्रॉबेरीबरोबर फुकट मिळते. मग या 'आपल्या' फ्रेडीचं यादीत काय आहे, ते बघू या.

१९७८च्या 'जॅझ' अल्बममधली तीन गाणी घेतलीत. त्याच अल्बमचं पहिलं गाणं 'मुस्तफा' मात्र गायब. थोडी अरबी, थोडी फारसी, थोडी इंग्रजी, बाकी फ्रेडीच्या मनची भाषा; सुरुवात बांगेसारखी, मग गिटारचा दणका. लंडनच्या बँडमधला पारशी मुलगा कुठे दिसत असेल, तर इथे. पण ब्रिटनमध्ये ते सिंगल म्हणून निघालंच नाही, मग कसलं हिट? 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आहे, पण त्याच अल्बममधलं 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही, आठ मिनिटांचं 'द प्रॉफेट्स साँग' नाही. चौघेही गाणी लिहायचे, पण ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. त्याचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' हे 'ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं. गाडीत लावायच्या यादीतून नेमकं गाडीवरचंच गाणं गळालं!

निकष एकच, ब्रिटनच्या बाजारात चाललं का. अमेरिकेचा बाजार वेगळा, म्हणून यादीही वेगळी. तिथे सतराऐवजी चौदाच गाणी, त्यातलं एक डेव्हिड बोवीबरोबरचं तेव्हाचं ताजं 'अंडर प्रेशर'. म्हणजे थोरवीसुद्धा कस्टमच्या नाक्यावर बदलते.

'बेस्ट ऑफ' म्हणजे एक्सप्रेसवेच. पनवेलकरांना हे सांगायला नको, एक्सप्रेसवे त्यांच्या दारातूनच निघतो. वेळ वाचतो, खड्डे लागत नाहीत. चौक गाव लागत नाही, खोपोलीचा बाजारही लागत नाही. मग पुण्यात उतरून 'रायगड जिल्हा पाहिला' म्हणू नये, एवढंच.

तरी 'ग्रेटेस्ट हिट्स'चा हा पहिला खंड ठेवाच. क्वीन सिंगलच्या आखाड्यातही तयारीचे गडी होते, त्यामुळे सतरात भरतीचं गाणं जवळजवळ नाही ('फ्लॅश'बद्दल भांडू शकतो). दुसरा खंड फ्रेडी जाण्याआधी जेमतेम महिनाभर, १९९१च्या ऑक्टोबरात आला. तोही घ्या, त्यात टेलरला 'रेडिओ गा गा'नं एकदाचा न्याय मिळालाय. तिसरा १९९९चा. त्यात पहिल्या खंडातलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' वाइक्लेफ जॉनचं रॅप घालून पुन्हा हजर! शिळ्या कढीला ऊत. कुणी फुकट दिला तर नाही म्हणू नका; पुढच्या लग्नात आहेर म्हणून खपवा.