सूर्य, चाळीस वॅटचा

आमच्या गॅलरीत सकाळी साडेआठपासून दुपारी दीडपर्यंत ऊन यायचं. हे ऊन आपलंच, असा आमचा 22 वर्षांचा समज. मग समोरचा बैठा बंगला पाडून तिथे 11 मजली इमारत उभी राहिली आणि कळलं, की त्या उन्हाचा सातबारा आमच्या नावावर कधीच नव्हता. इमारतीच्या नावात मात्र ‘सूर्य’ आहे. नेलेल्या मालाची पावतीच जणू!

मनीप्लांटला याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो हाडाचा सरकारी नोकर; कुठेही बदली करा, रुळतो. तुळशीने मात्र मनाला लावून घेतलं. पेरं लांबली, पानं पिवळी पडली आणि सगळी मान कठड्याकडे वळली. रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसतंय का बघावं, तशी. आई म्हणाली, “घरातली तुळस सुकणं बरं नव्हे.” हे वाक्य आमच्या घरात उच्चारलं गेलं, की विषय वनस्पतिशास्त्राच्या हातात राहत नाही.

म्हणून मी झाडांसाठीचा खास दिवा मागवला. खोक्यावर ठसठशीत 1000 वॅट. अडॅप्टरवर मुंगीच्या अक्षरात 24 वॅट. उरलेले 976 कुठे सांडले, याचा शोध घेतला तेव्हा समजलं, की या धंद्यात खोक्यावरचा आकडा ‘त्याच्या तोडीचा’ या अर्थी असतो. लग्नाच्या बाजारात ‘मुलगा इंजिनिअरसारखाच आहे’ म्हणतात, तसा. बिल येतं ते अडॅप्टरवरच्या आकड्याचं, आणि झाडाला मिळतं तेही तेवढ्याचंच.

दिवा लावला आणि हॉल जांभळा झाला. ताटातली कोथिंबीर काळी दिसू लागली. सेक्रेटरींनी खालूनच “सगळं ठीक ना?” असं विचारलं, त्यात काळजी कमी आणि चौकशी जास्त होती.

या जांभळेपणाचं मूळ जुनं आहे. एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली शेवाळाच्या धाग्यावर इंद्रधनुष्याचे रंग पाडले. ऑक्सिजनला हपापलेले जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात गोळा झाले, हिरव्याकडे फारसे फिरकले नाहीत. झालं! पानाला हिरवा उजेड नको, हे लोकांनी पक्कं धरलं. 1972 मध्ये मक्री यांनी पिकांच्या पानांवर रीतसर मोजणी केली, तर पान हिरवा उजेडही बऱ्यापैकी वापरतं असं दिसलं. पान हिरवा उजेड नाकारतं हे, ‘मला गोड नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याइतकंच खरं. ताट उचलताना बघावं.

म्हणजे साधा पांढरा दिवाही चालतो. पांढरा एलईडी असतो तरी काय? निळ्या दिव्यावर पिवळसर लेप. त्या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं, हे मी आईला सांगितलं. “तुळशीसाठी?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. सगळंच कशाला समजावून सांगत बसायचं?

तसा दिवा आणायला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो आणि चूक केली: “झाडांसाठी दिवा आहे?” दुकानदाराचा हात वेगळ्याच खणाकडे गेला. ‘लग्नासाठी’ म्हटल्यावर फेट्याची किंमत बदलते, तशी ‘झाडांसाठी’ म्हटल्यावर दिव्याची. पुढच्या दुकानात शहाणपण आलं होतं. “20 वॅटच्या दोन पट्ट्या, 6500 केल्विन.”

“किचनला ना, काका?”

“किचनलाच.”

घरी आल्यावर मोबाइलने उजेड मोजण्याचा नाद लागला. रणरणत्या उन्हात लाखभर लक्स. आमच्या हॉलमध्ये दिवसाढवळ्या दीडशे. आपण ज्याला लख्ख उजेड म्हणतो तो तुळशीच्या लेखी तिन्हीसांजेचा. आपले डोळे फार समजूतदार. थोडक्यात भागवून घेतात. दिवा छताला टांगून उपयोग नाही हेही तेव्हाच उमगलं. बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. लांब पट्टीचं जरा कमी घटतं, पण घटतंच. शेवटी पट्ट्या तुळशीच्या डोक्यावर वीतभर आणल्या, तेव्हा आकडा चारेक हजारांवर गेला. उन्हाच्या तुलनेत हा चहा-बिस्किटांचाच पाहुणचार. त्याची भरपाई म्हणून टायमर लावून सकाळी 6 ते रात्री 8 असा 14 तासांचा दिवस केला. महिन्याला 17 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर 170 रुपये. पूर्वी हे घरपोच आणि फुकट होतं.

शेजारच्या वहिनींनी आपली शेवंतीही हौसेने आणून ठेवली. तिला एकही कळी आली नाही. शेवंती रात्री मोजते. रात्र लांबल्याशिवाय फुलायचं नाही, असा तिचा बाणा. पॉलिहाऊसवाले तर तिला मुद्दाम थोपवायला रात्री दिवे लावतात. वहिनी कुंडी घेऊन गेल्या. आमच्याकडच्या हवेबद्दल काहीतरी बोलल्या म्हणतात.

तुळशीला महिन्याभरात कोवळी, हिरवी पानं फुटली. त्यातून नवाच पेच निघाला. सूर्य मावळल्यावर तुळस तोडायची नाही, हा आईचा नियम.

“बाहेरचा साडेसहाला मावळतो, हिचा आठला. सातला काढ्यासाठी पान घेतलं तर चालेल का रे?”

“तिच्या दृष्टीने दिवसच आहे.”

“तिच्या दृष्टीने असेल,” आई म्हणाली आणि त्या लखलखाटात तुळशीपुढे निरांजन लावून आली. ज्योत दिसतही नव्हती.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती. तुळस अंधारात उभी. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “ग्रहण कधी सुटणार म्हणे?”

“पाचला.”

तिने पिण्याच्या पाण्याचं पातेलं पुढे ओढलं, त्यात घालायला तुळशीपत्र आणावं म्हणून गॅलरीपर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

“सकाळीच तोडून ठेवायला हवं होतं,” ती म्हणाली.