वायरिंगचा फॉल्ट: हत्यारांची निवड व उपयोग

मोटारीच्या वायरिंगमधला फॉल्ट शोधण्याचे सर्वात जुने हत्यार म्हणजे उजव्या हाताचा तळवा. डॅशबोर्डवर बेताने एक थाप मारली आणि बंद पडलेला मीटर जागा झाला, तर मागे कुठेतरी कपलर ढिला आहे, एवढे निदान पक्के होते. खर्च शून्य. मात्र बहुतेक मालक निदानालाच दुरुस्ती समजतात आणि पुढची दोन वर्षे गाडी थापांवर चालते.

दुसरे पारंपरिक हत्यार ठिणगी. वायरचे उघडे टोक बॉडीला टेकवायचे; 'चट्' आवाज आला की वायरीत करंट आहे. करंट होता हे यातून खरोखर कळते. आता नाही हेही कळते, कारण तेवढ्यात फ्यूज उडालेला असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसवणारा एक अनुभवी वर्ग आहे. त्यानंतर फ्यूजचे काम अख्खे वायरिंग करते, आणि तेही एकदाच.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला मान टेस्ट लॅम्पचा. तो विकतच घ्यावा असेही नाही. जुन्या इंडिकेटरचा होल्डर, दोन हात वायर, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सुई, की झाला तयार. चिमटा बॅटरीच्या मायनसला, सुई संशयिताला. आतला बल्ब 5 वॅटचा असेल तर पेटताना जेमतेम 0.4 अँपिअर ओढतो, 21 वॅटचा असेल तर पावणेदोन. टेस्ट लॅम्पची सारी थोरवी या ओढण्यात आहे: तो वायरीला नुसते विचारत नाही, कामाला लावून बघतो. याच कारणाने इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या आणि सेन्सरच्या 5 व्होल्टच्या वायरींना तो लावू नये. त्या नाजूक प्रकृतीच्या असतात. एअरबॅगचे पिवळे कपलर दिसले तर लॅम्प, मीटर आणि उत्साह तिन्ही खिशात ठेवावेत.

मल्टिमीटर हे सुशिक्षितांचे हत्यार. आकडा दशांशात येतो, त्यामुळे मालकाचा आणि बघ्यांचा विश्वास चटकन बसतो. पण साधारण डिजिटल मीटरचा आतला रोध 10 मेगाओहम असतो, म्हणजे 12 व्होल्टला तो वायरीकडून सव्वा मायक्रोअँपिअरच्या आसपास मागतो. आतल्या सगळ्या तारा गंजून एकच केसाएवढी उरलेली वायरसुद्धा एवढे सहज देते आणि पडद्यावर ऐटीत 12.4 झळकते. हेडलाइट मात्र लागत नाही. लग्नकार्यात 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्या नातेवाइकाची ही गत: नुसते विचारले तर पूर्ण बारा, प्रत्यक्ष मागितले तर शून्य. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते बल्ब किंवा मोटर जोडलेली आणि चालू असताना. मीटर घेताना आतला फ्यूज बदलता येतो का, तेही दुकानातच बघून घ्यावे. लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरीचे व्होल्ट मोजण्याचा प्रसंग प्रत्येक मीटरच्या आयुष्यात एकदा येतो.

मल्टिमीटरची खरी कमाई अर्थ तपासण्यात आहे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, याचा अर्थ बहुधा टेललॅम्पचा अर्थ गेला आहे. परतीचा रस्ता बंद झालेला करंट शेजारच्या बल्बमधून घरी जायला बघतो. ब्रेक दाबून ठेवावा, मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी होल्डरच्या अर्थला लावावी. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. दोन-तीन व्होल्ट दिसले तर बॉडीला बसवलेला अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज आणि रंग पॉलिशपेपरने घासावा. बल्ब बदलू नये. तो निर्दोष असतो आणि आधी तीनदा बदललेला असतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर वाटीभर फ्यूज आणण्यापेक्षा फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडावा. त्याआधी त्या फ्यूजवरची उपकरणे सोडवून ठेवावीत. नाहीतर बल्ब त्यांच्यासाठीच पेटेल. मग शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत लागतो, पण पावणेदोन अँपिअरपलीकडे काही जाऊ देत नाही, त्यामुळे जळत काहीच नाही. आता एकाने बल्बकडे बघत बसावे आणि दुसऱ्याने वायरिंगची जुडी टप्प्याटप्प्याने हलवत जावे. डिकीच्या बिजागरीपाशी हात पोचला आणि बल्ब विझला, तर बिजागरीनेच वायर सोलली आहे. बघत बसण्याचे काम मालकाला द्यावे. त्यामुळे तो प्रश्न विचारत नाही.

घरच्या वायरमनकडून उसना आणलेला क्लॅम्प मीटर बहुधा एसीचा असतो. गाडीचा करंट डीसी, त्यामुळे तो प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लागणारा स्कॅनर उपयोगी खरा, पण तो ठाणे अंमलदारासारखा तक्रार नोंदवून घेतो, तपास करत नाही. अमुक सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी, असे तो सांगतो. त्यावर लोक सेन्सर बदलतात, आणि वायर तुटलेली तशीच राहते.

पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला आलेल्या उंदरासाठी टॉर्च पुरते. लेंड्या जिथे, कुरतडलेली वायर तिथेच आसपास. यातले काहीही हाती घेण्याआधी फ्यूज बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू वाचावी. कोणता फ्यूज कशाचा, ते बहुतेक गाड्यांत तिथेच छापलेले असते. अक्षर बारीक असते, तेव्हा हत्यारांच्या यादीत चष्माही धरावा.