काय करत न्हाय ओ!

रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांत डॉक्टर असतात, निवृत्त मास्तर असतात, वजन उतरवायला येऊन परतताना मिसळीवर ते पुन्हा चढवणारेही असतात. या सगळ्यांत एक माणूस लांबूनच ओळखू येतो, कारण तो चालत नसतो, ओढला जात असतो. कमरेतून मागे रेललेला, टाचा रोवलेल्या, पट्टा दोन्ही हातांत गच्च धरलेला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काळाकुळकुळीत, गालांवर तपकिरी ठिपके असलेला रॉटवायलर. समोरून येणारी माणसं तोंडातलं नामस्मरण अर्धवट सोडून कठड्याला चिकटतात. तेवढ्यात आवाज येतो, "काय करत न्हाय ओ! या, या, हात लावा की!"

हे वाक्य नीट ऐकावं. त्यात धीर कमी आणि जाहिरात जास्त असते. कुत्रा खरंच काही करण्यासारखा नसता तर ते म्हणायची गरजच नव्हती. पामेरियन घेऊन फिरणाऱ्या काकूंनी असा पुकारा केलेला कुणी ऐकलाय का? (वास्तविक चावा काढण्यात काकूंचा पामेरियनच तरबेज असतो.) एखादे आजोबा न बिचकता शेजारून निघून गेले की या गृहस्थाचा चेहरा पडतो. उलट कुणी घाबरून दगडाकडे हात नेला की तो दुखावतो, "एवढं गरीब जनावर, आणि दगड?" म्हणजे तुम्ही आधी पुरेसं घाबरायचं आणि लगेच, मालकाचा श्वास खाली बसायच्या आत, कुत्र्याच्या गळ्यात पडायचं. या दोन्ही गोष्टी याच क्रमानं झाल्या तरच त्याचा दिवस चांगला जातो.

त्याला स्वतःचं नाव होतं. आधार कार्डावर ते अजून आहे. पण गल्लीत तो आता फक्त 'सुलतानचा मालक' आहे आणि त्याची बायको 'सुलतानच्या आई'. पत्ता शोधत आलेल्या पार्सलवाल्या पोराला कोपऱ्यावरचा पानवाला सांगतो, "ते मोठं कुत्रं हाय न्हवं, तेचं घर." मालकाला याचं वैषम्य नाही. वैषम्य वाटतं ते फक्त 'कुत्रं' या शब्दाचं.

कोल्हापुरात ताकदवान देहाचं कौतुक नवं नाही. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली, इथं खासबागेचं कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतून तालमी घुमत होत्याच. मालकाचे आजोबा लाल मातीत लोळलेले. वडीलही पोरवयात दोन-चार जत्रांतल्या कुस्त्या मारून नारळ घेऊन आलेले. मालकाच्या पिढीपर्यंत येता येता मात्र घराण्याचं फरशी-टाइल्सचं दुकान झालं, बसायला फिरती खुर्ची आली आणि बनियनच्या आत जे काही वाढलं त्याला कोणतीही तालीम छाती म्हणणार नाही. भिंतीवर लंगोटातला आजोबांचा फोटो, खाली सोफ्यावर नातू. मधली जागा बरीच वर्षं रिकामी होती. ती सुलताननं भरून काढली.

म्हणून मालकाचं कौतुक ऐकताना हे कुत्र्याबद्दल चाललंय की पैलवानाबद्दल, हे पाहुण्याला पटकन उमगत नाही. "छाती बघा. मान बघा कशी बसलीय खांद्यात. मांडी दाबून बघा, हाताला लागती का?" मग त्यात श्वानविक्रेत्यांच्या बोलीची भर पडते. "हेड बघा हेड. बोन हेवी हाय. ब्लडलाइन इम्पोर्ट, केसीआयचे पेपर हायत." केनेल क्लब ऑफ इंडियाचं ते वंशावळीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात, घराच्या खरेदीखताच्या वरती ठेवलेलं आहे. त्यात सुलतानचे पणजोबा-पणजी नावानिशी आहेत. मालकाला स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं, तर तो आईला हाक मारतो. कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि सुलतानचे सगळे जागेवर आहेत, हे तो पाहुण्यांना ओठ वर करकरून दाखवतो. पाहुणे तेव्हा दात मोजत नाहीत, आपली बोटं मोजतात.

पैलवान म्हटला की खुराक आलाच. सुरुवातीला तो वस्तादी पद्धतीनं सुरू झाला. गंगावेशीतून म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात वाटलेले बदाम, सहा उकडलेली अंडी. वडील जातीनं लक्ष घालत. आजोबांना जो खुराक लागू पडला तो याला का पडू नये, असा त्यांचा सरळ हिशोब. दुधानं सुलतानचं पोट दोन दिवस असं काही वाहिलं की दुकानातल्या नमुन्याच्या फरशा अंगणात अंथरायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी सासुरवाडीहून, तासगावहून, बेदाण्याची पेटी आली. ती फोडून सुलतानच्या ताटलीत मूठभर टाकणार, तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर दारात उभे. ते जवळजवळ ओरडलेच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बेदाण्यावर वाढलेल्या सासुरवाडीला ही माहिती पचायला जड होती. बायकोनं तर हा आपल्या माहेरचा अपमान आहे असंच धरलं. आता खुराकात उकडलेलं चिकन, भात, गाजर आणि पोत्यातलं तयार खाद्य असतं, आणि त्या पोत्याची किंमत मालक बायकोपासून लपवतो.

वजन हा या घराचा सर्वांत हळवा विषय. जातीच्या अधिकृत मानकात पूर्ण वाढलेल्या नराचं वजन साधारण 50 किलो आणि खांद्यापाशी उंची 61 ते 68 सेंटिमीटर दिली आहे. हे आकडे मालकाला पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजनाचा सोहळा असतो. सुलतान काट्यावर उभा राहत नाही. हलणाऱ्या वस्तूवर पाय ठेवायचा नाही असा त्याचा नियम आहे. मग मालक त्याला उचलून घेतो. कसं, ते पाहण्यासारखं असतं. एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली, गुडघे वाकवून, "या आई अंबाबाई" म्हणून एकदम उठायचं. सुलतानचे चारही पाय अधांतरी, तोंड मालकाच्या खांद्यावर, आणि चेहऱ्यावर बारशातल्या बाळासारखा भाव. पायाखालचा काटा दिसतच नाही, कारण मध्ये सुलतान. तेव्हा जमिनीवर पालथं पडून आकडा वाचायचं काम दहावीतल्या पोराकडे. "एकशे शेहेचाळीस!" पोरगं ओरडतं. यातून मालकाचं वजन वजा करायचं. ते मालक गेली कित्येक वर्षं ब्याऐंशी धरतो, लग्नात तेवढं होतं म्हणून. वजाबाकी चौसष्ट येते. मालक सुलतानला खाली ठेवत, धापा टाकत, अभिमानानं घाम पुसतो. "चौसष्ट! जर्मनीत पण नसंल!"

डॉक्टरांच्या काट्यावर तो त्रेपन्न भरला. मधले अकरा किलो कुणाचे, यावर त्या खोलीत कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी सुलतानच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि सांगितलं, "बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागल्या पाहिजेत. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास फार. वजन वाढू देऊ नका." आणि सुलतानकडे न बघता पुढे म्हणाले, "चालणं वाढवा. दोघांचंही."

सुलतानचा इतिहास ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. जर्मनीच्या दक्षिणेला रॉटवाइल नावाचं जुनं, रोमनांच्या काळापासूनचं गाव आहे. तिथले खाटीक आणि गुरांचे व्यापारी या कुत्र्यांकडून गुरं हाकून घेत, मांसाच्या गाड्या ओढून घेत. बाजार उरकला की पैशाची पिशवी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, म्हणजे वाटेत हात घालायची कुणाची टाप नाही, असंही सांगतात. हा भाग मालक उभा राहून सांगतो. तेवढ्यात सुलतान खुशीत शेपूट हलवतो आणि टीपॉयवरचे दोन कप खाली येतात. शेपूट कापलेली नाही, हाही अभिमानाचाच विषय. जर्मनीत 1998 पासून ती कापायला बंदी आहे. घरातल्या कपबशांचं काय, याचा विचार जर्मनांनी केलेला नाही.

या कौतुकाला गल्लीत एकच विरोधक आहे. त्याचं मूळ गाव जतकडचं, आणि त्याच्याकडे कारवानी आहे. मुधोळ हाउंड म्हणतात तेच घराणं, उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. त्याचा मुद्दा असा की ताकद फुगण्यात नसते, पळण्यात असते. "2005 साली आमच्या कुत्र्याचं टपाल तिकीट निघालंय. लष्करानं पण नेलंय. तुमच्याचं काय निघालंय?" यावर मालक म्हणतो, "आमच्याचं तिकीट छापायचं तर पाकीट पुरणार न्हाय." दोघांची कुत्री मात्र शेजारी बसून एकाच खांबाचा वास घेत असतात. त्यांच्यात वाद असल्याचं कधी दिसलं नाही.

मार्च 2024 मध्ये या घरावर आभाळ कोसळलं. केंद्रानं राज्यांना पत्र पाठवलं की पिटबुल, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी. आणि जी आधीपासून पाळलेली आहेत त्यांची नसबंदी करावी. मालक दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. सुलतान सोफ्यावर पाय पसरून झोपलेला, आणि मालक पायथ्याशी बसून त्याच्याकडे असा बघत होता की जणू घराण्याचा वंश तिथंच खुंटणार आहे. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं, दिल्लीतही ते टिकलं नाही, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. पेढा खाताना बऱ्याच जणांच्या मनात आलं ते बोलायला कुणी धजलं नाही: पत्र काही उगाच निघालं नव्हतं. अशाच दांडग्या कुत्र्यांनी माणसांचे जीव घेतल्याच्या बातम्या त्याआधी येतच होत्या, आणि त्यातल्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकानंही कधी ना कधी 'काय करत नाही' म्हटलंच असणार. तोंडाला जाळी घालायला सांगितलं की मालक आजही म्हणतो, "त्याला आवडत न्हाय." जाळी तर खुंटीला लटकतेय, किंमतीच्या चिठ्ठीसकट.

पण हा माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याला रात्री साडेदहानंतर बघावं. गल्लीत चारचौघांत बायकोला 'अगं' म्हणायलाही तो आवाज खाली घेतो. स्वतःच्या पोराला त्यानं शेवटचं कधी जवळ घेतलं ते पोरालाही आठवत नाही. नव्वद टक्के पडले तेव्हा "बरं हाय" एवढंच निघालं होतं. तोच माणूस शटर ओढून घरी येतो, दिवाणखान्याच्या फरशीवर उताणा पडतो आणि त्रेपन्न किलोचा सुलतान त्याच्या पोटावर डोकं ठेवतो. मग आतून आवाज येतो, "माजं शोनं, माजा राजा, जेवला का माजा राजा?" मालकाची आई स्वयंपाकघरातून ऐकते. घरात कुत्रं आणलंत तर मी लेकीकडं जाईन, असं पहिल्या दिवशी त्याच आईनं बजावलं होतं. आता दर गुरुवारी दत्तगुरूंच्या नावानं तुपातली पोळी आधी त्यालाच जाते, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तिला त्या दिवशी ऐकू येत नाही. सुलतानही घरात खरं ऐकतो तो तिचंच. मालकाची जर्मन भाषेतली 'प्लात्झ' वगैरे फर्मानं तो कान हलवून ऐकतो. आईनं "बस की मेल्या" म्हटलं की बसतो.

खरी पंचाईत गणपतीत झाली. मालक मंडळाचा जुना कार्यकर्ता. विसर्जनाला दणदणीत डॉल्बी लागला पाहिजे, म्हणून बैठकीत टेबलावर मूठ आपटून वर्गणी काढणाऱ्यांत पहिला. मिरवणूक नेमकी घरावरून गेली. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या आणि सुलतान दिसेना. तो पलंगाखाली गेला होता. जिथं एरवी त्याचं डोकंही मावत नाही तिथं तो पूर्ण शिरला होता, आणि थरथरत होता. पलंगही त्याच्याबरोबर थरथरत होता. मालक गुलालानं माखलेला, टोपी वाकडी, धावत घरी आला, पोटावर सरपटत आत घुसला आणि सुलतानच्या कानांत कापूस कोंबून, वर स्वतःचे दोन्ही तळहात धरून मिरवणूक पंचगंगेकडे वळेपर्यंत तिथंच पडून राहिला. मंडळातल्यांनी फोन केले, ते पलंगाखाली वाजत राहिले.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत मालक उभा राहिला. यंदा डॉल्बी नको, म्हणाला. आपली परंपरा हलगीची, लेझीमची, झांजपथकाची. गल्लीत वयस्कर मंडळी आहेत, लहान बाळं आहेत, हृदयविकाराचे पेशंट आहेत. डेसिबलची मर्यादा असते, न्यायालयाचे निर्णय आहेत, मी वाचून आलोय. पोरं तोंडाकडे बघत राहिली. एवढं समाजहिताचं भाषण मंडळात पूर्वी झालं नव्हतं. कोपऱ्यात तालमीचे म्हातारे वस्ताद तंबाखू मळत बसले होते. त्यांनी चिमूट दाढेखाली सरकवली आणि विचारलं,

"पैलवान निघाला का रं पलंगाखालनं?"